होळीतला माझा शर्ट

सोसायटीच्या ग्रुपवर काल निरोप आला : ‘होळीसाठी लाकडं, गोवऱ्या आणि जुने कपडे कार्यालयात जमा करावेत. सहकार्य न करणाऱ्यांची नावं आम्हांला माहीत आहेत.’

लाकडं समजली, गोवऱ्या समजल्या. जुने कपडे कशाला, हे मात्र नवीन राहायला आलेल्या माणसाच्या ध्यानात येणार नाही. होळीत जाळायचा माणूस उघडा कसा ठेवणार? आम्ही कोथरूडची सभ्य माणसं आहोत.

निरोप वाचला आणि तो एक फाल्गुन पुन्हा नाकातोंडात आला. रसवंतीच्या चरकाला बांधलेली घुंगरं, क्लासच्या फलकांवर मागच्या वर्षी चमकलेल्या मुलांचे फोटो, बाल्कनीत पुस्तक घेऊन पुटपुटत येरझारा घालणारी यंदाची मुलं, दुपारी फरशीवर अनवाणी पाय टाकला की तळव्याला जाणवणारी ऊब. आणि या सगळ्यात न ऐकू येणारा एक आवाज. गच्चीवरच्या टाकीत पाणी पडायला लागलं की आमच्या जिन्याची भिंत घुमते. त्या वर्षी ती सकाळी लवकरच गप्प व्हायला लागली. मी तोंडाला साबण लावून उभा आणि नळ नुसता खोकतोय, असं रोज. साबण लावलेल्या माणसाला विचार सुचत नाहीत. शत्रू सुचतात.

मग पार्किंगमध्ये सभा. चेअरमन नातू हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. निवृत्त झाल्यावर ‘साहेब’ म्हणणारं कोणी उरलं नाही म्हणून त्यांनी सोसायटी हातात घेतली. सभेत आम्ही आधी महापालिकेवर रागावून पाहिलं, पण महापालिकेला ते कळलं नाही. बिल्डरला शिव्या घातल्या, तर तो केव्हाच देवाघरी गेलेला. तिथं नोटीस लागू होत नाही. बी विंगवर घसरावं, तर तिथं खजिनदारांची मुलगी दिलेली. पंपाचं नाव घेतलं तेव्हा नातूंनी असं पाहिलं की बोलणाऱ्यानं स्वतःच आपले शब्द गिळले, कारण पंप नातूंनी पसंत केलेला होता. असा तासभर राग नुसता खुर्च्यांमधून फिरत राहिला. त्याला बसायला जागा मिळेना.

तेवढ्यात मागून कोणी तरी म्हणालं, “तिसऱ्या मजल्यावरच्या त्या भाडेकरूंनी कूलर आणलाय ना, भला मोठा.”

एखाद्या घरातली बरीच वर्षं रखडलेली सोयरीक जमावी, तसं समाधान सभेवर पसरलं.

भाडेकरू म्हणजे वानखडे. अमरावतीकडची माणसं. नवरा मार्केट यार्डात एका ट्रान्स्पोर्टवाल्याकडे कामाला, त्यामुळे अंधारातच स्कूटर काढून जायचा. बायको छाया, सगळ्या बिल्डिंगची वानखडेवहिनी. मुलगी पूर्वा, बारावी सायन्स. आणि कूलर. विदर्भातल्या माणसाला उन्हाळ्याची भीती आपल्या पुणेकरांसारखी तोंडी नसते, तो तयारीनिशी उतरतो. लोखंडी पत्र्याचं, गवताच्या जाळ्या लावलेलं, कपाटाएवढं ते धूड टेम्पोतून उतरलं तेव्हा आमची निम्मी सोसायटी कठड्याला टेकून पाहत होती. “यात धान्य ठेवतात का?” असं मीच विचारलं होतं. वहिनी म्हणाल्या, “नाही जी भाऊ, याच्यात नवरा ठेवतो आमी, मे महिन्यात.”

हा विनोद पुढे पुराव्यात धरला गेला नाही, एवढंच नशीब. बाकी सगळं धरलं गेलं.

शत्रू ठरवायला फार अक्कल लागत नाही, पण थोडा व्यवहार लागतो. तो हाताच्या अंतरावर हवा, म्हणजे रोज दिसतो. आपल्यासारखाच हवा, पण बोलताना एखादा शब्द वेगळा असणारा, म्हणजे ओळखायला सोपं. आणि उलटून मारणारा नको. सोसायटीच्या सभेत भाडेकरूला मत नसतं, हे एकदा लक्षात घेतलं की आमची निवड किती पोक्त होती ते कळेल. जगात ज्या मोठमोठ्या चळवळी होतात त्यांनाही नेमका असाच, मत नसलेला माणूस सापडतो. लोकांना वाटतं तो इतिहासाचा न्याय आहे. तो घरपोच मिळणारा शत्रू असतो, बाकी काही नाही.

आणि एकदा ठरला की मग डोळ्यांना दुसरं काम उरत नाही. वानखडे अंधारात उठतात म्हणजे आपण झोपलेले असताना पाणी भरतात. वहिनी कपडे रोज धुतात म्हणजे उधळपट्टी. एक दिवस धुतले नाहीत, तर “बघा, संशय आल्याबरोबर सावध झाले.” त्यांच्याकडे पाटवड्यांचा रस्सा शिजला की जिन्यात वास येई, पूर्वी ज्यांना त्या वासानं भूक लागायची, त्यांना आता मळमळायला लागलं. कूलर पाणी किती पितो, यावर सकाळी एक बादली म्हणणारे संध्याकाळी पिंपावर आणि रविवारी टँकरवर आले. नातू म्हणाले, “ते यंत्र रात्रंदिवस पाणी पितं. हत्तीसारखं.” हत्ती पाळलेला नातूंच्या माहितीत कोणी नव्हता, पण ते वाक्य फारच भावलं लोकांना.

आमची सौभाग्यवती, मीना, सरळ वर जाऊन विचारून आली.

“कूलर तं बंदच हाये जी ताई,” वहिनी तिला म्हणाल्या. “आणला तसा ठेवला. पोरगी म्हनते, आवाजानं ध्यान लागत नाही. परीक्षा झाल्याबिगर त्याले हात लावू देत नाही ते.”

मीनानं हे सभेत सांगितलं. नातूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “त्या तसंच म्हणणार.”

या तीन शब्दांपुढे कोणाचंही काही चालत नाही. माणूस बोलला तर ‘तसंच म्हणणार’, आणि गप्प बसला तर ‘बोलायला तोंड आहे का’. मी त्या सभेत तटस्थ होतो. तटस्थ म्हणजे खुर्चीत बसून चहाची वाट पाहणारा.

खरं सांगायचं तर तो महिना सोसायटीत फार सुखाचा गेला. पार्किंगवरून एकमेकांच्या गाड्यांची हवा काढणारे ए आणि बी विंगचे लोक जिन्यात थांबून बोलायला लागले. आमच्याकडे कोणाकडून तरी इडल्या आल्या. ज्यांनी गणपतीच्या वर्गणीत खोडा घातला होता, ते माझ्या खांद्यावर हात ठेवून “काही तरी करायलाच हवं हो” म्हणाले. नातूंनी तर आपल्या केळीचा घड घरोघर वाटला. कंपाउंडच्या मागच्या बाजूला त्यांनी केळ लावली होती आणि तिच्यावर त्यांचा लोभ होता. कुठंही पाणी नव्हतं, कुंड्यांमधली तुळस वाळून काडी झाली होती, आणि ती केळ कोकणात असल्यासारखी तरारलेली. आम्ही केळी खाल्ली, गोड आहेत म्हटलं. ती इतकी हिरवी कशी, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. सगळ्यांचे डोळे तिसऱ्या मजल्यावर लागलेले असताना खाली कोण बघणार?

नेमका त्याच दिवसांत माझा चुलतभाऊ विनूदादा आमच्याकडे मुक्कामाला होता. हा माणूस आयुष्यभर राजकारणात होता, म्हणजे सगळ्या पक्षांत होता. नेता कधीच झाला नाही, पण पुतळा जाळायचा म्हटलं की शहरात त्याला बोलावणं यायचं. पेंढा दाबून बसवायचा कुठं, रॉकेल किती, डोक्याचं मडकं मानेवर कसं टिकवायचं, ही त्याची विद्या. मी शाळेत होतो तेव्हा तो आमच्याच घरी राहायचा आणि पुतळ्याला लागणारे कपडे माझ्या आईकडून मागून न्यायचा. आईजवळ देण्यासारखे एकाच माणसाचे जुने कपडे असत. त्यामुळे माझ्या लहानपणी देशाचे, धर्माचे, कामगारांचे आणि भांडवलदारांचे जेवढे म्हणून शत्रू चौकात जळले, त्या सगळ्यांनी माझ्या वडिलांचा बुशशर्ट घातलेला होता.

आई पुतळ्याकडे बघायची नाही. पाठीमागून अगदी हेच दिसतात, म्हणायची. आणि बाबा संध्याकाळी कचेरीतून येऊन हातपाय धुता धुता विचारायचे, “काय रे विनू, आज कोण म्हणून जळलो मी?”

एकदा तर एका पक्षानं जाळायला म्हणून बनवलेला पुतळा पोलीस आल्यामुळे वाचला. विनूदादानं तो सायकलवर घालून घरी आणला, बोळात उभा केला, आणि पंधरवड्यानं दुसऱ्या पक्षासाठी तोच नेला. फक्त गळ्यातली पाटी बदलली. मी विचारलं तर म्हणाला, “सुध्या, पुतळ्याला स्वभाव नसतो. पाटीला असतो.” आयुष्यात एवढं एकच वाक्य मी त्याच्या तोंडून खरं ऐकलं, आणि तेही त्याला कळलेलं नव्हतं.

तर सोसायटीची हकीगत ऐकून त्याचे डोळे लकाकले. “पाणीचोर? उभा करतो की. मांडी घालून बसलेला हवा की दोन्ही हात वर?”

नातूंना हात वर हवे होते.

होळीच्या आधीच्या सभेत ठराव झाला. वानखड्यांचा घरमालक परदेशात. त्याला मेल गेली आणि त्याचं उत्तर आलं की सोसायटी म्हणेल तसं. म्हणजे महिनाअखेर जागा खाली. पूर्वाचे पेपर त्या दरम्यान चालू असणार होते. केमिस्ट्री होळीनंतर, बायोलॉजी त्याच्याही पुढे. पेपर चालू असताना या घरातली माणसं कुठं जातील, असं मीनानं विचारलं. नातू म्हणाले, “वहिनी, आमचा विरोध व्यक्तीला नाही, प्रवृत्तीला आहे.”

हे मी विनूदादाच्या सगळ्या पक्षांच्या सभांत ऐकलेलं आहे. प्रवृत्तीशी लढणारी माणसं फार उदार चेहऱ्याची असतात. पण प्रवृत्तीला सामान नसतं, दप्तर नसतं, हॉल तिकीट नसतं. त्यामुळे घर शेवटी व्यक्तीलाच सोडावं लागतं.

पूर्वा त्या दिवसांत मला जिन्यात दिसायची. पाठांतर करत वरखाली करायची. माणूस आला की भिंतीला चिकटून वाट द्यायची आणि ओठ हलतच असायचे. समोरून येणारे आमचे सभासद त्या ओठांकडे बघून पुढं जायचे. एकानं मला सांगितलं, “काही तरी पुटपुटते आपल्याकडे बघून.” ती आवर्तसारणी पुटपुटत होती. पण अज्ञानाला वाचा फुटली की तिला सावधपणा म्हणतात.

होळीच्या दिवशी दुपारी मीना नैवेद्यासाठी केळीचं पान आणायला मागच्या बाजूला गेली. बराच वेळ आली नाही, म्हणून मी खिडकीतून पाहिलं. ती एका पायावर उभी होती. दुसरा पाय चिखलात घोट्यापर्यंत रुतलेला, आणि चप्पल कुठं आहे ते दिसत नव्हतं. ऐन फाल्गुनात, जिथं महिनाभर थेंब नाही असं आम्ही बोंबलत होतो, तिथं तळं झालेलं. पंपाकडून गच्चीवरच्या टाकीला जाणारी नळी भिंतीच्या आत कुठं तरी उसवली होती आणि सोसायटीचं सगळं पाणी इमानेइतबारे नातूंची केळ पीत होती.

चिखलाचा पाय तसाच घेऊन ती नातूंच्या दारात गेली. मी मागे होतो. एका अंतरानं मागे राहणं मला जमतं.

नातूंनी येऊन पाहिलं. मग म्हणाले, “सोमवारी दुरुस्त करून घेऊ. पण वहिनी, आज संध्याकाळी हे काढू नका. लोकांची सगळी तयारी झालीय.”

“कसली तयारी? चोर नाही ना आता.”

“पुतळा झालाय ना पण. आणि प्रश्न केवळ पाण्याचा नव्हता हो कधी.”

मला वाटतं, मी आयुष्यात जेवढं राजकारण वाचलं, त्यापेक्षा जास्त त्या चिखलाच्या काठावर शिकलो. कारण नाहीसं झालं तरी शत्रू नाहीसा होत नाही. तो आता स्वतःच्या बळावर उभा असतो, पेंढा भरलेला, हात वर केलेला. त्याला मोडणं म्हणजे महिनाभराच्या इडल्या, खांद्यावरचे हात, ए आणि बी विंगची गळाभेट, सगळं परत करणं. एका नळीसाठी इतकं कोण परत करतो? मीना जिना चढून गेली. आमच्या मजल्यावर थांबली नाही. तिसऱ्यावर गेली.

संध्याकाळी होळी रचली. विनूदादानं पुतळा आणून मधोमध रोवला तेव्हा टाळ्या पडल्या. पायाशी पुठ्ठ्याचा कूलर. गळ्यात पाटी, ‘पाणीचोर’. नाव नव्हतं. नाव लिहिलं की कायद्यात अडकतं, आणि लिहिलं नाही तरी सगळ्यांना वाचता येतं. आमच्या शूरपणाची लांबी-रुंदी एवढीच. अग्नी दिला. नारळ पडले. बोंबा सुरू झाल्या. पालथ्या हातानं तोंड वाजवत आमचे निवृत्त प्राध्यापक, सनदी लेखापाल, दातांचे डॉक्टर तिसऱ्या मजल्याकडे बघत ओरडत होते. तिथं एका खिडकीत दिवा होता.

आणि जिन्यातून वानखडेवहिनी आल्या. अंगावर नवी साडी, हातात ताट, ताटात पुरणाची पोळी आणि पाण्याचा तांब्या. मागे नवरा. लोक आपोआप बाजूला झाले. त्यांनी होळीला पाणी फिरवलं, पोळी वाहिली, हात जोडले. मग सावकाश नातूंकडे वळल्या.

“नातूकाका, बोंब कोनाच्या नावानं मारू जी? पाटीवर नाव तं नाही.”

गोवऱ्या तडतडत होत्या.

“अहो, तसं काही नाही,” नातू म्हणाले. “ते आपलं प्रतीकात्मक आहे.”

“असं काय. तं मंग महिनाअखेर त्यालेच घर खाली करा म्हना. आमची पोरगी पेपर देऊन ऱ्हायली.”

ज्यांनी महिनाभर जिन्यात, ग्रुपवर, दुधाच्या रांगेत ते नाव चघळलं, त्यांच्यातल्या एकाच्याही तोंडून ते नाव वहिनींच्या तोंडावर निघेना. वहिनींनी ताट नवऱ्याच्या हातात दिलं, पालथा हात तोंडावर ठेवला आणि एक बोंब ठोकली. कोणाच्याही नावाची नाही, नुसती. वऱ्हाडातल्या मोकळ्या रानातून आलेली ती बोंब आमच्या दोन विंगांच्या मध्ये मावेना.

वरून खिडकीतून आवाज आला, “आई, हळू नं. केमिस्ट्री करून ऱ्हायली मी.”

कोणी तरी हसलं. मला वाटतं बी विंगमधलं. तेवढ्यात ज्वाळ पुतळ्याच्या छातीपर्यंत चढली आणि उजेडात मला खिसा दिसला. खिशाच्या खाली शाईचा डाग. निळी चौकडी, वरून दुसरी गुंडी नाही.

“अहो,” शेजारी उभी असलेली मीना म्हणाली, “तुमचा शर्ट.”

“दिसतोय.”

“पाठीमागून अगदी तुम्हीच.”

विनूदादानं पोटात पेंढाही मापात भरला होता. बाबांची आठवण आली. आज कोण म्हणून जळलो मी?

ठराव मागं घेतला गेला नाही. आमच्याकडे ठराव मागं घेत नाहीत, विसरतात. नळी दुरुस्त झाली, केळ वाळली. पूर्वानं उरलेले सगळे पेपर त्याच घरातून दिले, आणि शेवटचा पेपर झाल्याच्या दुपारी तिसऱ्या मजल्यावरून घरघर ऐकू आली. कूलर. कोणी एक अक्षर बोललं नाही. पुढं त्यांनी शहराच्या पूर्वेला मांजरी गावात स्वतःचं घर घेतलं आणि गेले. कोणी माफी मागितली नाही. वहिनी मात्र अजून उन्हाळ्यात मीनाला ज्वारीच्या पापड्या पाठवतात.

त्यानंतर आमची एकही होळी बिनपुतळ्याची गेली नाही. एकदा कुत्र्यांना खाऊ घालणारे झाले, एकदा डिलिव्हरीवाली मुलं, एकदा ‘बाहेरून येऊन बिघडवणारे’, म्हणजे नक्की कोण ते जाळून झालं तरी कोणाला कळलं नाही. यंदा पुनर्विकास आहे. सगळ्यांनी सह्या केल्या. मीना म्हणाली, आधी कागद वाचते, मग सही. ग्रुपवर तिला आता ‘विकासविरोधी प्रवृत्ती’ म्हणतात. काल दुधाच्या रांगेत माझ्याशी कोणी बोललं नाही, आणि दोन विंगांचे लोक एकमेकांना फार प्रेमानं पुढं जा म्हणत होते. मला खूण पटली.

संध्याकाळी मीनानं कपाटातून जुना शर्ट काढला आणि माझ्यासमोर धरला.

“हा देऊ? यंदा इस्त्री करून देते. माप घ्यायची गरज नाही त्यांना.”

“देऊ नकोस,” मी म्हटलं. “मीच घालून जातो. पुढं उभा राहतो आणि विचारतो, कोणाच्या नावानं?”

तिनं मला खालून वर पाहिलं. “आणि बोंब? तुमची कधी पहिल्या मजल्यापर्यंत पोचली नाही.”

खरं होतं. म्हणून सराव करायला गच्चीवर गेलो. इकडेतिकडे पाहिलं, पालथा हात तोंडावर ठेवला आणि वहिनींना आठवून एक मारली. बरी निघाली. दुसरी आणखी बरी निघाली. तिसरी मारायच्या आत खिशातला फोन वाजला. ग्रुपवर नातू :

‘गच्चीवर कोण ओरडत आहे? भाडेकरूच असणार. सर्वांनी नोंद घ्यावी.’